तिसऱ्या वर्गाचा अर्धा डबा

१

रविवारी सकाळी यशोधनच्या पाठीला तेल लावायचं, हा क्षिप्राचा लग्नापासूनचा नेम होता. ती परदेशात, नोव्हेना नावाच्या भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. आठवडाभर परक्यांच्या पाठी, माना आणि गुडघे हाताळून झाले की रविवारी घरच्या पाठीची पाळी यायची. "आमचा नंबर शेवटी," यशोधन कुरकुरायचा, पण त्याला ते आवडायचं. बुकित बातोक भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर जुनी चादर पसरायची, लिटिल इंडियातून आणलेलं तिळाचं तेल वाटीत कोमट करायचं. आठ वर्षांची आदिती टीव्हीसमोर कार्टून बघत बसायची आणि यशोधन पालथा पडल्या पडल्या घोरायला लागायचा.

त्या रविवारी त्याने टी-शर्ट काढला आणि क्षिप्राचा तेलाने माखलेला हात तसाच थांबला.

त्याच्या पाठीवर आडवे वळ होते. मानेखालपासून कमरेपर्यंत, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. चटईवर झोपल्यावर उमटतात तसे बारीक नव्हेत. चांगले रुंद, चपटे पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या मधे फुगून आलेली कातडीची लालसर रेघ.

"कशाला टेकून बसला होतास रे?"

"कधी?"

"आत्ता, सकाळी."

"आत्ताच तर उठलोय. तूच उठवलंस ना?"

ते खरंच होतं. तिने हात पुसले, आत गेली आणि पलंगावरची गादी एका कोपऱ्याने उचलून पाहिली. खाली सलग प्लायवूड होतं, त्याला एकही फट नव्हती. कामावर असा एखादा वळ ती रोज पाहायची, त्याचं तिला काही वाटायचं नाही. बेल्टचा, कुबडीचा, खुर्चीच्या कडेचा. पण असे वळ थोड्या वेळात विरतात हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची. म्हणजे हे ताजे असायला हवेत, आणि ताजे असतील तर कशाचे?

त्याचं हल्ली लाकडी बाकांचंच काम चाललंय, काल बराच वेळ टेकून बसला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. कालचे वळ आज राहत नाहीत, हेही तिचं तिलाच आठवत होतं. पण रविवार होता, पोह्यांचे कांदे चिरायचे होते. तिने तेल लावलं. चोळताना ते वळ तिच्या बोटांना लागत होते, आणि वाटीतलं तेल संपलं तरी लागत राहिले.

२

यशोधन ज्या कंपनीत होता ती हॉटेलांची आणि दुकानांची आतली सजावट करायची. कंपनी शैलेंद्रची. तोही पुण्याचाच, यशोधनपेक्षा थोडा मोठा, दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. त्यांचं वर्कशॉप बुकित बातोकच्याच औद्योगिक भागात होतं, घरापासून बसने जेमतेम पाच-सहा थांबे. नदीकाठच्या एका जुन्या गोदामात कुणीतरी इटालियन रेस्टॉरंट काढत होतं, आणि त्या मालकाने हौसेने इटलीतून रेल्वेचा जुना डबा मागवला होता. तिसऱ्या वर्गाचा. पूर्ण डबा गोदामात मावत नव्हता म्हणून तो तिकडेच मधोमध कापला आणि अर्धाच जहाजाने आला. तो स्वच्छ करून, डागडुजी करून द्यायचं काम यशोधनकडे होतं.

त्याने इतक्या वेळा वर्णन केलं की शेवटी एका शनिवारी दुपारी क्षिप्रा आदितीला घेऊन बघायला गेली.

वर्कशॉपात लाकडाचा भुसा आणि थिनरचा वास कोंदला होता. त्या वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांच्या वणव्यांचा धूर महिनाभर शहरावर बसला होता, त्यामुळे शटर अर्ध्यावर ओढलेलं. त्या अर्धवट उजेडात डबा उभा होता. तपकिरी, रिव्हेटांनी ठोकलेला, आणि एका टोकाला कापलेल्या जागी प्लायवूड मारलेला. बाजूला दारंच दारं होती.

"एवढी दारं कशाला?" क्षिप्राने विचारलं.

"हीच तर गंमत!" यशोधन एकदम खुलला. "प्रत्येक बाकाला स्वतःचं दार. ह्या बाजूलाही आणि त्या बाजूलाही. स्टेशन आलं की सगळी दारं एकदम उघडायची, लोक भराभर उतरायचे, भराभर चढायचे आणि गाडी चालू. तिकडे ह्याला शंभर दारांचा डबाच म्हणायचे. एकोणीसशे तीसच्या आसपासचा असेल हा. त्याआधीचे डबे लाकडी असायचे, टक्कर झाली की चुरा. म्हणून मग पोलादी केले. बाक मात्र लाकडीच ठेवले. तिसऱ्या वर्गाला गादी कोण देतंय?"

त्याने एका दारावर बोट ठेवलं. तिथे रंग खरवडलेला होता. वर दोनचा आकडा, आणि त्याच्या खालून वर येणारे तीन उभे रोमन दांडे.

"छप्पन साली युरोपात तिसरा वर्गच बंद केला. केला म्हणजे काय, तीन पुसून दोन लिहिलं. बाक तेच, माणसंही तीच."

"ह्या डब्यात काही झालं होतं का? अपघात वगैरे?"

"छे गं. मी सगळं विचारून घेतलंय. कामावर जाणारे लोक, शाळेतली पोरं, बाजाराला निघालेल्या बायका. पन्नास वर्षं नुसती माणसं नेली आणि आणली."

त्या दोघी आत चढल्या. मधून चिंचोळी वाट आणि दोन्हीकडे समोरासमोर बाक. बाकांच्या पाठी लाकडी पट्ट्यांच्या होत्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. क्षिप्रा टेकून बसली आणि तिला कौतुक वाटलं. पट्ट्या सरळ रेषेत ठोकलेल्या नव्हत्या, कण्याला जिथे आधार लागतो तिथे बरोबर पुढे आल्या होत्या. कुणीतरी विचार केला होता माणसाच्या पाठीचा. पिढ्यान् पिढ्यांच्या पाठींनी त्या पट्ट्या घासून मधासारख्या चकचकीत झाल्या होत्या.

यशोधन समोर बसला. तो अंगाने भरदार. घरी सोफ्यावर बसला की बाकीच्यांनी खुर्च्या शोधायच्या. इथे तो खिडकीच्या कोपऱ्यात बसला होता, गुडघे जुळवून, कोपरं पोटाशी घेऊन.

"असा काय अंग चोरून बसलायस?"

त्याने मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. "अरे हो की," तो म्हणाला. पण तसाच बसून राहिला.

आदिती वाटेतून धावत आली आणि त्याच्या शेजारी बसायला वळली.

"तिथे नको!" तो इतक्या झटकन म्हणाला की पोर दचकली. "समोर बस. आईजवळ."

"व्हाय?"

आदिती फुगून क्षिप्राच्या शेजारी येऊन बसली. तिने इकडेतिकडे हालचाल केली, खांदे आत ओढले.

"आई, सो स्क्वीझी लाह," किती चेपायला होतंय, अशी ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत कुरकुरली.

क्षिप्राने पाहिलं. त्या बाकावर त्या दोघीच होत्या आणि आदितीच्या पलीकडे खिडकीपर्यंतचा बाक रिकामा होता.

"अर्धाच डबा आलाय ना," यशोधन हसत म्हणाला. "तिकडच्या अर्ध्यातली माणसं पण इकडेच आली असतील."

हसता हसता तो थोडा सरकला, खिडकीकडे. तिकडे सरकायला जागाच नव्हती.

३

त्यानंतर क्षिप्राला ते सगळीकडे दिसायला लागलं.

घरी तो सोफ्याच्या अगदी कडेला बसायचा. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, अख्खं टेबल मोकळं असताना बाकड्याच्या टोकाला टेकायचा आणि ताट इतकं जवळ ओढायचा की कोपर उचलायला नको. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, शेजारची सीट रिकामी असली तरी मांडीवर बॅग घेऊन, हात बॅगेवर घडी करून बसायचा. मधेच बाजूला बघून हलकेच मान तुकवायचा, प्रवासात अनोळखी माणसाला तुकवतात तशी.

"कुणाला नमस्कार करतोस?"

"कुठे?" तो खरोखरच गोंधळून विचारायचा.

वळ आता रोज असायचे. सकाळी, संध्याकाळी, आंघोळ केल्यावरसुद्धा. क्षिप्राने तिच्या हॉस्पिटलातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते चिनी गृहस्थ सज्जन होते. धुरामुळे खोकणाऱ्या माणसांनी भरलेल्या दिवसातून वेळ काढून त्यांनी पाठ नीट पाहिली, बोटाने दाबून पाहिली.

"ही सिट्स ऑन समथिंग हार्ड," ते म्हणाले. "टेल हिम, डोंट सिट."

"बट ही डझन्ट, डॉक्टर."

डॉक्टर तिच्याकडे पाहून हसले. नवऱ्याचं सगळं आपल्याला माहीत असतं असं मानणाऱ्या बायकांकडे पाहून हसतात तसं. त्यांनी एक मलम लिहून दिलं आणि थोडे दिवस रजेसाठी एमसी, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रही दिलं.

क्षिप्राने मग स्वतःच्या विद्येवर भिस्त ठेवली. यशोधनचे खांदे पुढे वळून आले होते, छाती आत गेली होती. असे खांदे तिने शेकड्याने सरळ केले होते. एका दुपारी तिने त्याला खुर्चीत ताठ बसवलं, मागे उभी राहिली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला उघडायला लागली.

खांदे हलेनात. आखडलेला स्नायू कसा लागतो हे तिच्या बोटांना झोपेतही कळलं असतं. तो आतून ओढतो, आणि धीर धरला की एका क्षणी सैल सोडतो. हे तसं नव्हतं. यशोधनचे स्नायू मऊ होते, पूर्ण सैल होते. त्याचे खांदे तो ओढून धरत नव्हता. ते बाहेरून दाबलेले होते.

तिने उजवा तळहात त्याच्या दंडाच्या बाहेरून सरकवायचा प्रयत्न केला. बोटांची टोकं गेली आणि पुढे हात जाईना. समोर तर नुसती हवा होती. खुर्चीला हातदेखील नव्हते. ती हवा कोमट होती. आणि तिच्या बोटांच्या नखांवर, सावकाश, श्वासासारखं काहीतरी फुगलं आणि ओसरलं.

तिने हात ओढून घेतला.

"काय झालं?" यशोधनने विचारलं.

"काही नाही. आखडलेत खांदे."

"हं," तो म्हणाला. "होतं असं लांबच्या प्रवासात."

४

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने शैलेंद्रला फोन केला. यशोधनची तब्येत ठीक नाही, त्याला त्या डब्याच्या कामातून मोकळं करा, एवढंच तिला सांगायचं होतं.

"पण वहिनी, ते काम तर संपलं," शैलेंद्र म्हणाला. "डबा मागच्या आठवड्यातच साइटवर गेला. यशोधनने तुम्हाला सांगितलं नाही? क्रेन लावून नेला आम्ही. एमसीवर असूनसुद्धा आला होता बघायला."

"मग आता तो त्या डब्यात बसत नाही?"

"बसायला आहे कुठे? इथे आता नुसतं मोकळं वर्कशॉप आहे. वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

क्षिप्राला आधी हायसं वाटलं. मग हॉस्पिटलच्या त्या थंडगार कॉरिडॉरमध्ये तिने बोटांवर दिवस मोजून पाहिले. वळ ह्याच आठवड्यात खोल झाले होते. डबा दूर गेला होता आणि यशोधन बसूनच होता.

तिने डोकेदुखी सांगून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि टॅक्सी करून नदीकाठी गेली. आपण काय बघायला जातोय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रेस्टॉरंट अजून उघडलं नव्हतं. पुढच्या बाजूला भली मोठी काच होती, तिच्यावर आतून कागद चिकटवलेला, आणि एका कडेचा कागद सुटून लोंबत होता. कामगार जेवायला गेले असावेत, आत हालचाल नव्हती. तिने काचेला कपाळ टेकलं, दोन्ही हातांनी उजेड अडवला आणि पाहिलं.

डबा भिंतीला लावून ठेवला होता. नवं पॉलिश चमकत होतं. दारं सगळी बंद होती. आणि मधल्या एका खिडकीत यशोधन बसला होता.

सकाळी घातलेला निळा शर्ट त्याच्या अंगात होता. तिने घाईने पर्समधून मोबाइल काढला आणि घरचा नंबर लावला. दोन-तीन वेळा घंटा वाजली.

"हॅलो," यशोधन म्हणाला.

"कुठे आहेस?"

"घरी. कुठे असणार? घरचाच फोन लावलायस ना?"

मागे त्यांच्या हॉलमधला पंखा घरघरत होता. ती घरघर तिच्या ओळखीची होती. काचेपलीकडच्या माणसाच्या हातात फोन नव्हता, त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. पण त्याचे ओठ हलले होते. ती पुन्हा काहीतरी बोलली, बरा आहेस ना, जेवलास का, असंच काही, आणि फोनमधून जेव्हा जेव्हा उत्तर आलं तेव्हा तेव्हा ते ओठ हलले.

तिला गर्दी दिसली नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना चकचकीत रिकामा बाक दिसत होता. पण त्याच्या शर्टाच्या बाह्या दोन्हीकडून अंगाशी चपट झाल्या होत्या, कापड चुरगळलं होतं. मग त्याने डावीकडे मान वळवली, कुणी काही विचारलं तर ऐकावं तशी थोडी झुकवली, आणि कष्टाने बाजूला सरकला. त्याच्या आणि खिडकीच्या मधे जरा जागा झाली. एका माणसाला ती पुरली नसती.

"कुणाशी बोलतोयस, यशोधन?"

"अगं, कुणाशी नाही," फोनमधला आवाज म्हणाला. तो थकलेला होता, पण समाधानी होता. "आदितीची स्कूलबस येईल ना आता. फार गर्दी झालीय. मी तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

५

टॅक्सीत तिने नीलिमाला, त्याच इमारतीत खाली राहणाऱ्या मैत्रिणीला, चार वेळा फोन लावला. आदितीला बसमधून उतरवून तुझ्याकडेच ठेव, वर पाठवू नकोस, एवढंच सांगायचं होतं. फोन वाजत राहिला. एक्स्प्रेसवेवर धुरात गाड्यांचे दिवे भर दुपारी लागलेले होते.

घरात शिरली तेव्हा आदिती आलेली नव्हती. यशोधन सोफ्यावर होता, पण कडेला नव्हता. कडेपासून थोडा आत सरकला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला सोफ्याच्या हातापर्यंत वीतभर जागा मोकळी होती. त्या जागेवर त्याने रुमाल टाकला होता.

"ऊठ," ती म्हणाली. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून तिने ओढलं. "ऊठ आधी. आपण खाली जाऊ."

"उतरता येत नाही गं."

"शंभर दारं आहेत म्हणालास ना? मग उतर ना!"

"दारापर्यंत पोचता यायला हवं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "सगळ्यांचे पाय आहेत मधे."

तिने सगळा जोर लावला. त्याचा हात तेवढा सरळ झाला, पण तो जागचा हलला नाही. ती रडत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काळजी होती, पण ती रस्त्यात धडपडलेल्या परक्या बाईबद्दल असते तशी. त्याने रुमाल उचलला आणि अंग आणखी आखडून घेतलं.

"या, बसा," तो तिला म्हणाला. "उभ्या का? होईल जागा."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याने तिला कधी, चेष्टेतसुद्धा, अहो-जाहो केलं नव्हतं.

बाहेर लिफ्टचं दार उघडलं. कॉरिडॉरमध्ये आदितीच्या शाळेच्या बुटांचा आवाज आला, बॅग ओढल्याचा आवाज आला.

क्षिप्रा दाराकडे दोन पावलं गेली. पोरीला तसंच उचलायचं, खाली न्यायचं, नीलिमाकडे, विमानतळावर, पुण्याला. आणि मग? डबा वर्कशॉपातून नदीकाठी गेला होता, तरी ह्याचा प्रवास थांबला नव्हता. आदिती पुण्यात कुठेतरी बाकड्यावर बसेल, शाळेत, बागेत, आणि तिच्या बाबाने तिच्यासाठी धरलेली जागा तिथेही रिकामीच असेल. धरलेल्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलं, तरच ती भरणार होती, आदितीसाठी उरणार नव्हती.

ती परत फिरली आणि यशोधनच्या शेजारी त्या वीतभर जागेत बसली.

सोफ्याची मऊ पाठ तिने आठ वर्षांपूर्वी स्वतः निवडली होती. तिच्या पाठीला लागलं ते कठीण होतं, आणि कण्याला जिथे आधार लागतो तिथे बरोबर पुढे आलेलं होतं. डाव्या खांद्याला यशोधनचा खांदा होता. उजवीकडे सोफ्याचा हात असायला हवा होता. तिथे जाडजूड कापडाखाली एक दंड होता, आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. ह्या शहरात लोकर कोण घालणार? तिने तिकडे मान वळवली नाही. पायांशी जागा नव्हती म्हणून गुडघे जुळवले, पर्स मांडीवर घेतली आणि हातांची घडी घातली.

दार उघडलं. आदितीने बूट काढून भिरकावले, बॅग टाकली आणि दोघांकडे पाहून ती फिस्सकन हसली.

"व्हाय यू टू सिटिंग लाइक दॅट?"

जा, असं क्षिप्राला म्हणायचं होतं. खाली जा, नीलिमा मावशीकडे जा, इथे येऊ नकोस. शब्द सगळे तयार होते, पण छातीवर दोन्हीकडून इतका दाब होता की श्वास पुरता आत जाईना, आणि शब्दांना आवाज मिळेना.

"आई, मूव्ह इन लाह," आदिती जवळ येत म्हणाली. "आय ऑल्सो वाँट टु सिट."

आणि क्षिप्रा थोडी सरकली.